मुळांनाही श्वास लागतो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीनं मला बोलायला पंचवीस मिनिटं दिली आहेत. वर्षाला एक मिनिट असा हिशोब सचिवांनी लावला असावा. पंचवीस वर्षांचा इतिहास सांगायला इथे माझ्यापेक्षा जुनी आणि चांगली माणसं बसली आहेत. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा मी आपला झाडांवरच बोलतो. आणि विषयही असा घेतलाय, की ज्यावर सप्टेंबरातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्याला हात वर करायचे आहेत.

पार्श्वभूमी सगळ्यांना माहीत आहेच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर आपण ठराव केला, की यापुढे गच्चीवर मातीच्या कुंड्या नकोत. ठराव योग्यच होता. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी दोन पावसाळे घरात बादल्या मांडून काढले होते. पण कुंड्या खाली पार्किंगच्या कोपऱ्यात आल्या, आणि ज्यांची ती झाडं होती त्यातल्या निम्म्या जणांचे गुडघे काही रोज जिने उतरू देत नाहीत. त्या कोपऱ्यातली किती झाडं आज जिवंत आहेत, ते जाता-येता आपण बघतोच.

तेव्हापासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. माती नाही, खुरपणी नाही, पाण्यावर तरंगणारा पालक, आणि खाली पांढऱ्याशुभ्र मुळांचा झुबका. कुणीतरी त्याखाली लिहिलं, "हे आपल्या गच्चीवर करूया." दुसऱ्यानं लगेच लिहिलं, "इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही टब भरायला निघालात!" दोघांचंही म्हणणं विचार करण्याजोगं आहे. मत देण्याआधी यामागचं शास्त्र काय आहे, ते आज बघू.

सुरुवात आपल्या मराठवाड्यातल्या शेतापासून करतो, कारण इथल्या बहुतेक घरांची नाळ कुठल्या ना कुठल्या गावाशी जोडलेली आहे. काळ्या जमिनीतलं कापसाचं रान डोळ्यांसमोर आणा. पावसानं बरेच दिवस ओढ दिली, मग एका रात्री धो-धो बरसला. शेतात पाणी साचलं. एक-दोन दिवसांत हिरवीगार झाडं अशी मान टाकतात, जणू कुणी उकळतं पाणी ओतलंय. कीड नाही, बुरशी नाही. याला आकस्मिक मर म्हणतात. शेतकऱ्याला प्रश्न पडतो, की पायाशी एवढं पाणी असताना झाड सुकलं कसं?

त्याचं उत्तर असं, की मुळं पाणी पितात हे आपल्याला शाळेत शिकवतात, पण मुळं श्वास घेतात हे आपण विसरतो. मुळाच्या पेशीला काम करायला ऊर्जा लागते. ती साखर जाळून मिळते, आणि जाळायला प्राणवायू लागतो. प्राणवायू नसला तरी पेशी कसंबसं भागवते, पण तेवढ्याच साखरेतून साधारण पंधराव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा मिळते. मग क्षार आत ओढायची ताकद राहत नाही. पेशींमधली पाण्याची सूक्ष्म दारंही मिटतात. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मरतं, ते असं.

इथे सी विंगमधल्या एका चिमुरडीनं मला परवा फार छान प्रश्न विचारला. "आजोबा, झाडं तर प्राणवायू देतात ना? मग त्यांना बाहेरून कशाला हवा?" बाळा, प्राणवायू तयार करतात ती हिरवी पानं, तीही उजेडात. मुळं अंधारात असतात आणि हिरवी नसतात. पानातली हवा मुळापर्यंत पोचवायला बहुतेक झाडांत नळ्याच नसतात. भाताला त्या असतात, कमळाला असतात. म्हणून कोकणातला भात चिखलात सुखानं उभा राहतो आणि आपला कापूस राहत नाही.

आता गंमत बघा. मातीत पाणी साचलं तर झाड मरतं. आणि व्हिडिओतल्या पालकाची मुळं तर चोवीस तास पाण्यात बुडलेली आहेत! मग तो कसा जगतो? कारण त्या पाण्यात सतत हवा मिसळली जाते. या पद्धतीला डीप वॉटर कल्चर म्हणतात, आपण खोल पाण्यातली लागवड म्हणू. तिची मांडणी अगदी साधी आहे. झाकण असलेला टब. झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या छोट्या कुंड्या, त्यात रोपं. टबात पोषकद्रव्यं विरघळवलेलं पाणी. आणि तळाशी एक सच्छिद्र दगड, ज्यातून बारीक बुडबुडे येत राहतात. मासे पाळणाऱ्यांच्या घरी असतो तोच पंप आणि तोच दगड.

यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, असं विचारलं तर लोक खताच्या बाटलीकडे बोट दाखवतात. मी पंपाकडे दाखवीन. थोडे आकडे सांगतो. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, २५ अंश तापमानाला, काठोकाठ भरला तरी जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. शिवाय हवेत तो जितक्या झपाट्यानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो स्थिर पाण्यात पसरतो. म्हणजे साठा मुळातच तुटपुंजा, आणि संपला की भरून यायला उशीर. म्हणून पाणी हलतं ठेवावं लागतं.

हे तत्त्व आपल्या शहराला नवीन नाही. पाणचक्कीला गेलात की आठवा, लांबच्या झऱ्यापासून नळांनी आणलेलं पाणी उंचावरून हौदात कोसळतं. ते पडताना हवा सोबत घेऊन येतं. टबातला बुडबुड्यांचा दगड तेच काम लहान प्रमाणात करतो. बुडबुडा वर येऊन फुटतो, पृष्ठभाग ढवळला जातो आणि वरची हवा पाण्यात विरघळते.

कुणी म्हणेल, आमच्या बाटलीतला मनीप्लांट तर पंपाशिवाय पाच वर्षं जगतोय. बरोबर आहे. तो सावलीत असतो, अगदी हळू वाढतो, त्याची गरजच थोडी. वरच्या उघड्या पाण्यातून जेवढी हवा शिरते तेवढ्यात त्याचं भागतं. चार आठवड्यांत भाजीला यावं अशी अपेक्षा आपण मनीप्लांटकडून करत नाही.

इतिहास दोन मिनिटांत सांगतो. मातीशिवाय, फक्त क्षारांच्या पाण्यात झाड वाढवता येतं, हे जर्मनीत युलियस फॉन साक्स आणि विल्हेल्म नॉप यांनी १८६० च्या सुमारास दाखवलं. झाडाला नेमकं काय-काय लागतं हे शोधण्यासाठी ते प्रयोग होते. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम गेरिक यांनी ही पद्धत प्रयोगशाळेतून बाहेर काढली आणि मोठाल्या टाक्यांवर टोमॅटोचे उंचच उंच वेल वाढवले. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द त्यांनीच १९३७ मध्ये छापात आणला. ग्रीक भाषेत हायड्रो म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे श्रम. शब्दातच श्रम आहेत, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

गेरिक यांचे टोमॅटो वर्तमानपत्रांत गाजले. लोकांनी घरोघरी टाक्या मांडल्या आणि अनेकांच्या टाक्यांत मुळं कुजली, कारण पाण्यात हवा खेळती ठेवणं सगळ्यांना जमलं नाही. मग त्याच विद्यापीठाच्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी पद्धत तपासून १९३८ मध्ये एक पुस्तिका काढली. त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या मातीत, चांगली निगा राखून येतं त्यापेक्षा पाण्यातलं पीक काही जादूनं जास्त येत नाही. त्यांनी दिलेलं पोषकद्रावणाचं सूत्र मात्र आजही जगभर वापरतात. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिम्पाँगला प्रयोग केले. गरीब माणसाला परवडावं म्हणून त्यांनी पंपाचा नाद सोडला आणि खडी व दगडाच्या भुकटीवर भाजी घेतली. तिला ‘बंगाल पद्धत’ म्हणतात.

आपल्याकडे दुष्काळाच्या वर्षांत हायड्रोपोनिक चारा हा शब्द सगळ्यांच्या कानावर आला. ट्रेमध्ये मका भिजवून आठ-दहा दिवसांत हिरवा चारा काढायचा. पण ती गोष्ट वेगळी आहे. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो, ते खताशिवाय नऊ दिवसांत हातभर वाढतं की नाही? ते दाण्यातल्याच शिदोरीवर. चाऱ्याचंही तसंच. किलोभर मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो तो पाण्याच्या वजनानं. त्यातला कोरडा भाग उलट थोडा घटतो. कोवळा हिरवा चारा म्हणून त्याचा उपयोग आहेच, पण तो पाण्यातून अन्न निर्माण करतो असं नाही. आपल्या टबातला पालक मात्र महिनाभर वाढतो, तेव्हा त्याचं सगळं खाणं-पिणं आणि श्वास आपल्याला पुरवावा लागतो.

आता मुख्य मुद्दा, आपलं गाव आणि आपली गच्ची.

पहिली अडचण उन्हाची. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना ७. आपलं शहर समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, त्यामुळे हे आकडे आपल्याकडे आणखी थोडे खाली येतात. तिकडे मुळांची भूक मात्र उलट्या दिशेनं जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वासाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे गरज वाढलेली आणि पुरवठा आटलेला. त्यातच कोमट पाण्यात पिथियम नावाचा जीव फोफावतो. त्याचे बीजाणू चक्क पोहतात आणि एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि पाण्याला वास आला, की समजायचं पाहुणा आला. निरोगी मूळ पांढरं असतं आणि त्याला कुजका वास येत नाही.

मी माझ्या गॅलरीतल्या टबात थर्मामीटर ठेवून बघतो. जानेवारीत दुपारी २१-२२ अंश. मे महिन्यात सावलीत असूनही ३४. पालक, लेट्यूस यांना १८ ते २४ अंशांचं पाणी मानवतं. त्यामुळे माझा सरळ सल्ला आहे, की आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा याचा हंगाम. मार्चमध्ये आवरतं घ्यायचं, आणि एप्रिल-मेमध्ये टब धुऊन पालथे घालायचे. टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर माठासारखा गारवा येतो हे खरं, पण त्यालाही पाणीच लागतं. ज्या महिन्यात आपण टँकरची वाट बघतो त्या महिन्यात गोणपाट भिजवायचं नाही.

दुसरी अडचण विजेची. हा पंप साधारण ५ वॅटचा असतो. चोवीस तास चालवला तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. बिलाची काळजी नाही, काळजी आहे ती वीज जाण्याची. थंडीत, लहान रोपं असतील तर काही तास निभावतं. उन्हात, टबभर मुळं झाली असताना पंप बंद पडला, तर पानं लवकरच माना टाकू लागतात. त्यामुळे पंप जिन्यातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरवर घ्यावा लागेल. आणखी एक बारीक गोष्ट. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

ज्यांना पंपाची कटकटच नको, त्यांच्यासाठी हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत आहे. हवाई हे अमेरिकेतलं बेट, हवेशी संबंध नाही. पण पद्धतीचा मात्र आहे! टब एकदाच भरायचा आणि सोडून द्यायचा. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते, आणि झाकण व पाणी यांच्यामधल्या दमट पोकळीत वरची मुळं मोकळी होतात. ती हवेतून श्वास घेतात, खालची पाणी पितात. इथे एकच पथ्य आहे. पातळी खाली गेली म्हणून मायेनं टब पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. भरला, तर हवेला सरावलेली मुळं बुडतात आणि रोप गुदमरतं. ज्या पिढीनं रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं, तिला पाणी न घालणं शिकवणं सगळ्यात अवघड आहे. पण ज्यांना बादली उचलवत नाही आणि रोज गच्चीवर चढवत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत फार सोयीची आहे.

तिसरा मुद्दा पाण्याचा. आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. नाथसागर उशाशी असून आपण पिंप भरून ठेवतो. अशा गावात टब भरावेत का? हिशोब असा आहे. कुंडीत घातलेल्या पाण्यातलं बरंचसं मातीवरून उडतं किंवा खालून वाहून जातं. झाकलेल्या टबातून पाणी जातं ते जवळजवळ फक्त पानांवाटे. अमेरिकेतला ॲरिझोना हा आपल्यासारखाच, किंबहुना जास्तच कोरडा आणि तापलेला भाग. तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लेट्यूसचा हिशोब मांडला. शेतात एका किलोला वर्षाकाठी सुमारे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २०. बचत डोळ्यांत भरते. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फॉरवर्ड होत नाही. ऊर्जा किलोमागे सुमारे ऐंशीपट लागली, आणि त्यातली बहुतेक हरितगृह गरम-थंड ठेवण्यात गेली. म्हणजे हवामानाशी भांडलात तर पाण्यात वाचवलेलं विजेत जातं. हंगाम पाळला, तर बचत पदरात पडते. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणतो ते यासाठीच.

पाणी कुठलं वापरायचं? आपल्या बोअरचं पाणी खडकातलं, जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच टबात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि लोहासारखी द्रव्यं मुळांना मिळेनाशी होतात. सामू म्हणजे पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा. तो तपासायची पट्टी किंवा पेन मिळतो. सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. आरओमधून वाया जाणारं पाणी वापरू का, असं दोघा-तिघांनी विचारलं. नको. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला ठीक. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरलं तर चालेल.

चौथा मुद्दा गच्चीचा, आणि इथे मी सगळ्यांना जरा सावध करणार आहे. पाणी एका लिटरला एक किलो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल हौद केला, तर ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार येईल असं धरून आपल्याकडे रचना करतात. भारतीय मानकात तो आकडा आहे. म्हणजे व्हिडिओतला तो सुंदर हौद आपल्या स्लॅबला दुपटीनं जड आहे. पुन्हा पाणचक्की आठवा. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. पण ते पेलायला खाली केवढे जाडजूड खांब उभे केलेत ते बघा. आपल्या गच्चीखाली तसे खांब नाहीत, वरच्या मजल्यावरची माणसं आहेत.

म्हणून हौद नको. १५-२० लिटरचे सुटे टब, एकमेकांपासून अंतर ठेवून, कठड्याच्या कडेनं, जिथे खाली बीम आहे तिथे, आणि फरशीवर थेट न ठेवता स्टँडवर. म्हणजे खाली ओल दिसली तर लगेच कळेल. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. त्या इंजिनिअरला हा नकाशा दाखवून लेखी होकार घेतल्याशिवाय एकही टब वर जाऊ नये. हे मी बागेचा पक्षपाती असूनही म्हणतोय.

ग्रुपवर आलेले आणखी तीन प्रश्न घेतो.

डासांचं काय? अगदी रास्त शंका. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यामुळे झाकण घट्ट हवं आणि रिकाम्या भोकाला बूच हवं. झाकण तसंही लागतंच, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

जीवामृत किंवा गांडूळखताचं पाणी घातलं तर सेंद्रिय होईल ना? मातीत ते सोनं आहे. पण टबात नको. सेंद्रिय पदार्थ कुजवायचं काम जिवाणू करतात आणि ते स्वतः प्राणवायू खातात. आधीच लिटरला आठ मिलिग्रॅमची तिजोरी, त्यात हे नवे वाटेकरी. युरियाही नको, तो मुळांना वापरता यावा म्हणून आधी जिवाणूंनी फोडावा लागतो, आणि ते काम मातीत होतं. टबासाठी सगळी द्रव्यं विरघळलेलं तयार खत दोन भागांत मिळतं, ‘ए’ आणि ‘बी’. दोन भाग अशासाठी, की एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या फॉस्फेट-सल्फेटशी दाट अवस्थेत भेटलं तर खाली चुन्यासारखा साका बसतो. आधी एक पाण्यात मिसळायचं, मग दुसरं. आणि वापरून झालेलं पाणी गटारात न सोडता आवारातल्या झाडांना द्यायचं.

भाजी स्वस्त पडेल का? नाही. जाधववाडीतून येणाऱ्या मेथीच्या जुडीशी आपला टब स्पर्धा करणार नाही. मेथी आणि कांदा मातीतलेच बरे. पालक, पुदिना, तुळस, लेट्यूस हे टबात चांगले येतात. पुदिन्याची तर बाजारातून आणलेली काडीही चालते. घराजवळ ताजं पान मिळणं, मुलांना मुळं डोळ्यांनी बघायला मिळणं, आणि ज्यांची झाडं खाली गेली त्यांना कंबरेच्या उंचीवर, न वाकता, पुन्हा हात घालायला काहीतरी मिळणं, हा यातला नफा. तो पासबुकात दिसणार नाही. सभेनं तो मोजायचा की नाही ते ठरवावं.

माझी सूचना अशी. सगळी गच्ची मागू नये आणि सरसकट नकारही देऊ नये. सप्टेंबरच्या सभेत एका हंगामाची परवानगी द्यावी. एकूण बारा टब, त्यातले सहा पंपाचे आणि सहा बिनपंपाचे. इंजिनिअरचा लेखी होकार. घट्ट झाकणं. पाणी शक्यतो पावसाळ्यात साठवलेलं, आणि किती लिटर लागलं त्याची जिन्याजवळच्या फळ्यावर नोंद. वरच्या मजल्यावरच्या सभासदांना कधीही येऊन टब बंद करायला सांगण्याचा अधिकार, कारण छत त्यांच्या डोक्यावर आहे. आणि फेब्रुवारीअखेर फळ्यावरचे आकडे बघून पुढचा निर्णय. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट, बोअर, सोलर अशा कितीतरी गोष्टींवर भांडलो आणि मग एकत्र बसून ठरवल्या. ही त्यामानानं लहान गोष्ट आहे.

जाता जाता एक विनंती. मागे चहाच्या टेबलाशेजारी काळा कागद गुंडाळलेल्या दोन बरण्या ठेवल्या आहेत. दोन्हींत एकाच दिवशी लावलेली पालकाची रोपं आहेत, पाणी तेच, खत तेच. एकीत बुडबुडे सोडले आहेत, दुसरी काठोकाठ भरून तशीच ठेवली आहे. चहा घेताना कागद वर करून दोन्हींची मुळं बघा, मुलांना दाखवा, हवं तर वासही घेऊन बघा. आणि पाहून झालं की कागद पुन्हा नीट गुंडाळा, शेवाळ धरेल.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.